बत्तीस किलोंची बॅग

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, असा संपादकांचा निरोप दर वर्षी येतो, तसा तो यंदाही आला. मीही चकलीवर लिहायचे मनाशी ठरवून टाकले होते. चकली हा विषय मोठा निरुपद्रवी. तिच्यावर लिहिल्याने कोणाचे मन दुखत नाही, कोणाची अब्रू जात नाही, आणि लिहिता लिहिता नमुन्यादाखल दोन-चार तोंडातही टाकता येतात. पण झाले असे, की चकलीचा डबा बॅगेत गेला, बॅग काट्यावर चढली, आणि त्या काट्यावरून माझा लेख जो घसरला तो थेट विमानतळावर जाऊन पोचला! तेव्हा वाचकांनी खुसखुशीतपणाची अपेक्षा पहिल्या अर्ध्या पानापुरतीच ठेवावी.

त्याचे असे झाले. आमची कन्या अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. यंदा तिच्या घरी पाळणा हलला, म्हणून आमची सौभाग्यवती दिवाळीच्या आधीच तिकडे निघाली. आता आई लेकीकडे निघाली म्हणजे हात हलवीत थोडीच जाणार! चकली, कडबोळी, बेसनाचे लाडू, डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बाळंतशेपा, बाळाची दुपटी असा सगळा सरंजाम बाहेरच्या खोलीत मांडला गेला. आणि या सर्वांवर कडी म्हणजे एक पितळी खलबत्ता!

"अगं, अमेरिकेत वेलची कुटायला काहीच मिळत नाही की काय?" मी विचारले.

"मिळत असेल. माझ्या आईचा खलबत्ता नाही मिळत," असे उत्तर आले. या उत्तरापुढे कोणत्याही नवऱ्याने बोलू नये. मीही बोललो नाही.

विमान कंपनीने तेवीस तेवीस किलोंच्या दोन बॅगा नेण्याची मुभा दिली होती. परंतु आमच्या घरचा कायदा कंपनीच्या कायद्याहून कडक. कपड्यांच्या बॅगेत खाण्याचे पदार्थ ठेवायचे नाहीत, कारण कपड्यांना मसाल्याचा वास लागतो. परिणाम असा झाला, की कपड्यांची बॅग चौदा किलोंवर पोरकी राहिली आणि खाण्याची तीस किलोंच्या पुढे गेली. मग मी चष्मा लावून कंपनीचे नियम वाचले. जादा पैसे भरले, तर एका बॅगेत बत्तीस किलोंपर्यंत वजन नेता येते, असे त्यात निघाले. हातात धरायचा काटा लावून, पाय रोवून, दात-ओठ खाऊन मी ती बॅग जमिनीपासून चार बोटे उचलली. काटा एकतीस किलो सहाशे ग्रॅमवर थांबला, तेव्हा परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा मला आनंद झाला.

"अजून चारशे ग्रॅम बसतात!" मी विजयी मुद्रेने म्हणालो.

नेमका त्याच वेळी माझा भाचा आला. हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. मरोळला राहतो आणि विमानतळावर नोकरीला आहे. सामान खाली नेऊन ठेवायला मामीने त्याला बोलावले होते. तो बॅगेजवळ गेला, गुडघ्यांत वाकला, पाठ ताठ ठेवून त्याने ती छातीशी घेतली, आणि लगेच पुन्हा खाली ठेवली.

"मामा, ही बॅग कोण उचलणार?"

"अरे, जादा पैसे भरले आहेत. आणि तिथे माणसे असतात की!"

"मीच तो माणूस, मामा," तो म्हणाला.

भाचा हे रागाने म्हणाला नाही. हसतच म्हणाला. पण मला मात्र तो काटा आपल्याच नाकाला लावल्यासारखे झाले. गेली पाच वर्षे मी चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगत आलो, की आमचा भाचा विमानतळावर असतो. तो तिथे काय करतो, हे मी एकदाही विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. सौभाग्यवतीने चहा टाकला, आणि त्या उघड्या बॅगेच्या दोन बाजूंना आम्ही दोघे बसलो.

विमान जिथे उभे राहते, प्रवासी चढतात-उतरतात, सामान चढवतात, त्या फरसबंद जागेला तिथली मंडळी रॅम्प म्हणतात. भाचा या रॅम्पवर लोडर आहे. त्याने मला एक साधा हिशेब करून दाखवला. देशांतल्या देशांत उडणाऱ्या एकशेऐंशी आसनांच्या विमानात समजा दीडशे बॅगा आहेत आणि प्रत्येक बॅग पंधरा किलोंची आहे. म्हणजे झाले सव्वादोन टन! आलेल्या विमानातून एवढे उतरवायचे आणि जाणाऱ्यात तेवढेच चढवायचे. मधला वेळ म्हणाल, तर तीसेक मिनिटे. अशी विमाने एका पाळीत किती येतात, ते ऋतूवर आणि सणावर अवलंबून. या विमानांचे पोट बुटके असते. आत ताठ उभे राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून, अंग वळवून, बॅग एका बाजूने घ्यायची आणि दुसऱ्या बाजूला रचायची. मोठ्या विमानांत बॅगा ॲल्युमिनियमच्या डब्यांत भरतात खऱ्या, पण त्या डब्यात प्रत्येक बॅग ठेवणारे हात माणसाचेच.

"मामा, बत्तीस किलोंची मर्यादा कोणासाठी आहे, ठाऊक आहे का?"

"विमानासाठी असेल."

"विमान शेकडो टन उचलते. त्याला तुमच्या खलबत्त्याचे काय? ती मर्यादा आमच्या पाठीसाठी आहे. तेवीसच्या वर गेले, की बॅगेला जड म्हणून चिठ्ठी लावतात. का, तर दोघांनी मिळून उचलावी. पण दुसरा त्या वेळी मोकळा हवा ना!"

पाठ ही गोष्ट माझ्या वयाच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पण भाच्याचे म्हणणे असे, की पाठीची भीती ही रॅम्पवरच्या भीतींत सर्वांत धाकटी. थोरली भीती म्हणजे इंजिन.

आपण विमानात बसतो तेव्हा इंजिन आपल्याला पुढे नेणारे यंत्र वाटते. जमिनीवरच्या माणसाला ते वेगळे दिसते. इंजिन समोरची हवा आत ओढते, म्हणून तर ते मागे जोर लावू शकते. ही ओढ हवेला आणि माणसाला वेगवेगळी ओळखत नाही. मध्यम आकाराच्या विमानाचे इंजिन नुसते मंद चालू असले, तरी त्याच्या तोंडासमोर आठ-दहा फुटांच्या आत जायचे नाही, वेग वाढवला तर त्याहूनही लांब राहायचे, आणि मागच्या झोताच्या बाजूला शंभर फुटांवरूनही जपून जायचे, असे या लोकांना शिकवतात. इंजिनाच्या मध्यभागी पांढरी नागमोडी रेघ रंगवलेली असते, ती आपण शोभेची समजतो. पाते फिरते आहे की थांबले आहे, हे दुरून कळावे म्हणून ती काढलेली असते. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा लाल दिवा असतो. तो चालू आहे तोवर इंजिन चालू आहे किंवा चालू होणार आहे, असे समजायचे. "दिवा लाल, तर पाऊल मागे," असे भाचा नव्या पोरांना घोकायला लावतो.

"मग इतके नियम असताना अपघात होतात कसे?" मी विचारले.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपल्याच सांताक्रूझला झालेला तुम्हाला आठवत नाही का?"

मला आठवला. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईहून हैदराबादला निघालेले विमान ट्रॅक्टरने मागे ढकलून दिलेले होते. ते ढकलण्याच्या कामावर देखरेख करणारा तंत्रज्ञ कानाला हेडसेट लावून विमानाजवळ उभा होता. निघायची खूण मिळाली, असा वैमानिकांचा गैरसमज झाला, विमान जागचे हलले आणि तो तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. दुसऱ्या दिवशी ही बातमी मी चहाबरोबर वाचली होती आणि हळहळून पान उलटले होते. भाचा तेव्हा शाळेत होता.

अमेरिकेतही अशीच एक घटना घडली. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरीच्या विमानतळावर एक विमान येऊन थांबले. जमिनीवर असताना वीज पुरवणारे त्याचे शेपटीतले छोटे यंत्र बिघडले होते, म्हणून बाहेरची वीज जोडेपर्यंत इंजिन चालूच ठेवायचे होते. हे रॅम्पवरच्या माणसांना एकदा नाही, दोनदा बजावून सांगण्यात आले होते. लाल दिवाही लुकलुकत होता. तरीही एक कामगार बाई हातातला इशाऱ्याचा शंकू ठेवायला गेली आणि इंजिनाने तिला ओढून घेतले. पुढे तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याने त्या कंपनीला १५,६२५ डॉलर दंड केला. हा आकडा वाचल्यावर मी तो रुपयांत बदलून पाहिला. मध्यमवर्गीय माणसाची ही जन्मखोड आहे. मग मला माझीच लाज वाटली.

दोनदा सांगूनही माणूस चुकतो कसा, असे आपल्याला घरबसल्या वाटते. पण त्या जागेचा विचार करा. चारी बाजूंनी आवाज, कानांवर झाकणे. कान वाचवायचे तर ते बंद ठेवायला हवेत, आणि ते बंद ठेवले की पाठीमागच्या इंजिनाचा आवाज दूरच्या आवाजात मिसळून जातो. साथीदाराने ओरडून सावध करायचे म्हटले, तर ते ऐकू जात नाही. सगळा व्यवहार हातांच्या खुणांवर चालतो. आणि घड्याळ सारखे डोक्यावर टांगलेले! आमच्या मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीनेच भागवावे लागते. तरीसुद्धा २०२३ च्या दिवाळीत, ११ नोव्हेंबरला, एका दिवसात इथे हजारांहून अधिक विमाने चढली-उतरली. म्हणजे दर दीड मिनिटाला एक! त्या दीड मिनिटांच्या माळेत कोणा एकाने थांबायचे म्हटले, तर मागची सगळी माळ अडते.

त्या रविवारी मी मुद्दाम बहिणीकडे मरोळला गेलो. माझे भाऊजी विमान-दुरुस्तीच्या हँगरमध्ये तीस वर्षे मेकॅनिक होते. ताई त्यांच्याशी बोलताना कधी पाठमोरी बोलत नाही. समोर येऊन, चेहरा दिसेल अशी उभी राहून बोलते. मी हा इतकी वर्षे नवरा-बायकोच्या मानापमानाचा भाग समजत होतो. खरी गोष्ट अशी, की भाऊजींना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. सततच्या कर्कश आवाजाने कानातल्या बारीक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. त्याबरोबर स, फ, त असली हलकी व्यंजने पुसट होतात, आणि मग 'साखर' म्हटले की 'भाकर' आहे की 'खापर', हे ओठांकडे पाहून ओळखावे लागते.

अमेरिकेतील निऑश या कामगार-आरोग्य संस्थेने याचे कोष्टक घालून दिले आहे. पंच्याऐंशी डेसिबलच्या आवाजात माणसाने दिवसाचे आठ तास काम करावे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी. या हिशेबाने शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. आणि चालू जेट इंजिनाच्या जवळ आवाज शंभराच्या पुष्कळ वर असतो.

"आमच्या तरुणपणी आम्ही कापसाचे बोळे घालायचो," भाऊजी म्हणाले. "झाकणे मिळाली तेव्हा पोरे ती मानेत अडकवून हिंडायची. कान झाकणारा म्हणजे भित्रा, अशी समजूत! आता नात फोनवर बोबडे बोलते. सगळे हसतात, म्हणून मीही हसतो."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. मी चहात साखर नसतानाही चमचा ढवळत बसलो.

भाऊजींनी मग हँगरच्या गोष्टी सांगितल्या. विमाने दिवसभर उडतात, म्हणून दुरुस्तीचे पुष्कळ काम रात्री चालते. आणि पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाचे डोळे उघडे असले, तरी मेंदू पेंगत असतो. विमानाच्या चाकात दोनशे पौंडांच्या आसपास दाब असतो, आपल्या मोटारीच्या सहापट. उतरल्यावर ब्रेक तापलेले असतील, तर चाकाजवळ बाजूने जायचे नाही, समोरून किंवा मागून जायचे. चाके पोटात घेणारी यंत्रणा तीन हजार पौंडांच्या दाबाच्या तेलावर चालते. ते तेल डोळ्यांत उडाले, तर आग आग होते. आणि त्या दाबाने चाकांवरची झाकणे मिटतात तेव्हा हात मागे घ्यायला अवधी मिळत नाही.

"म्हणून आधी कुलपाची खीळ घालायची, कॉकपिटमध्ये 'हात लावू नये' अशी पाटी अडकवायची, मग आत डोके घालायचे. हा क्रम मोडायचा नाही. देव जरी खाली येऊन घाई करू लागला, तरी मोडायचा नाही!" हे सांगताना त्यांनी तीन बोटे टेबलावर आपटली.

१० जुलै २०१९ च्या रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, कोलकात्याच्या विमानतळावर एक शिकाऊ तंत्रज्ञ विमानाच्या मागच्या चाकांच्या कप्प्यात काम करीत होता. तेलाच्या दाबाची झाकणे एकाएकी मिटली आणि तो त्यांत सापडून गेला. विशी नुकती ओलांडलेला मुलगा. भाऊजींनी त्या बातमीचे कात्रण जपून ठेवले आहे. कशासाठी, ते मी विचारले नाही. मुलाने विमानतळावर नोकरी धरली, त्या दिवशी त्यांनी ते त्याला वाचायला दिले होते, असे ताईने मागाहून सांगितले.

पण मला सर्वांत लागले ते भाऊजींचे पुढचे बोलणे. ते म्हणाले, "एकदा मी एका विमानाच्या कागदावर सही करायला नकार दिला होता. एक पाना सापडत नव्हता. विमान दोन तास अडले. साहेब लाल झाला, पण मी कायम नोकरीतला माणूस. काय करणार होता? पाना शेवटी इंजिनाच्या झाकणात सापडला. आता माझा मुलगा एजन्सीकडे कंत्राटावर आहे. त्याला 'थांबा' म्हणता येईल का, हे तूच त्याला विचार."

मी विचारले. भाचा म्हणाला, "मामा, १६ जुलै २०२४ ला तुम्ही कलिन्याची गर्दी पाहिली होती ना?"

पाहिली होती. सगळ्यांनीच पाहिली असेल. विमानतळावरच्या सामान चढवण्या-उतरवण्याच्या सुमारे बावीसशे जागांसाठी हजारो तरुण कलिन्याला लोटले होते. पाय ठेवायला जागा उरली नाही. बेकारीवर त्या दिवशी पुष्कळ बोलले गेले. "आम्ही आत काम करीत होतो," भाचा म्हणाला. "आमचा मुकादम काही बोलला नाही. नुसता गेटाकडे बघून आमच्याकडे बघायचा. त्यानंतर आठवडाभर कोणी जड बॅगेला दुसरा माणूस मागितला नाही."

वाचकहो, इथे मला माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी एका लग्नासाठी नागपूरला निघालो होतो. सगळे विमानात बसलो आणि विमान हलेना. बाहेर विजा चमकत होत्या, म्हणून रॅम्पवरची माणसे आत बोलावली आहेत, असे सांगण्यात आले. पन्नास मिनिटे गेली. मी हवाई सुंदरीला दोनदा सुनावले, शेजाऱ्याला देशाच्या अधोगतीवर भाषण दिले, आणि नागपूरला उतरल्याबरोबर कंपनीला खरमरीत तक्रार लिहिली. त्यात 'कर्मचाऱ्यांचा आळशीपणा' असे शब्द वापरले होते. भाषा चांगली साधली, म्हणून मी ती घरी वाचूनही दाखवली होती.

हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मोकळ्या मैदानात, लोखंडी शिडीला हात लावून, उंच विमानाच्या शेजारी आम्ही उभे असतो. वीज पडली तर कुठे पडेल, तुम्हीच सांगा. मामा, ती पन्नास मिनिटे तुमची गेली, हे खरे. पण आमच्या वाट्याला पाळीत तेवढीच सुरक्षित असतात."

मी त्या विषयावर पुढे काही बोललो नाही.

या सगळ्यावरून मला एवढे समजले. रॅम्पवर टोप्या, झाकणे, चमकदार जाकिटे, पाट्या, खिळी सर्व काही हवे. ते द्यायचे काम मालकांचे आणि बघायचे काम सरकारचे. त्यांनी ते टाळले, तर त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण या सर्वांहून मोठे साधन म्हणजे कामगाराने उच्चारलेला एक शब्द: थांबा. तो शब्द उच्चारणाऱ्याची नोकरी टिकली पाहिजे. आणि तो शब्द महाग करण्यात आपलाही वाटा आहे. वेळेवर सुटणाऱ्या विमानाची आपण तारीफ करतो, उशिरा सुटणाऱ्याला शिव्या देतो. मग कंपनी एजन्सीला, एजन्सी मुकादमाला आणि मुकादम लोडरला तीच शिवी पोचती करतो. माझी ती खरमरीत तक्रार असल्याच पायऱ्या उतरत कोणाच्या डोक्यावर जाऊन पडली असेल, कोण जाणे!

शिवाय त्यांचे थांबणे हे आपल्याच जिवाचे थांबणे असते. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान पेटून कोसळले आणि एकशेतेरा माणसे गेली. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाची हातभर लांबीची एक धातूची पट्टी धावपट्टीवर पडली होती. तिने टायर फाटला आणि पुढचे सारे घडले. म्हणून भाचा रॅम्पवर मान खाली घालून चालतो. बॅगेचे तुटलेले चाक, सुटलेले कुलूप, एखादा स्क्रू असे जे दिसेल, ते उचलून खिशात घालतो. घरी आल्यावर ताई खिसे रिकामे करते तेव्हा त्यांतून भंगाराचे दुकान निघते. त्यातले निम्मे आपल्यासारख्यांच्या बॅगांचे असते.

आता बॅगेचे काय झाले, ते सांगून लेख संपवतो. भाचा घरी गेल्यावर सौभाग्यवती काही न बोलता खाली बसली. तिने खाण्याची बॅग पुरी रिकामी केली. भाजणी आणि मेतकूट दुहेरी पिशव्यांत बांधून कपड्यांच्या बॅगेत टाकले. आमच्या घरात एवढी मोठी घटनादुरुस्ती पूर्वी कधी झाली नव्हती! एक बॅग साडेबावीसवर आली, दुसरी बावीसवर. खलबत्ता उचलून तिने जागच्या जागी, ओट्यावर ठेवला.

"आईचा खलबत्ता राहिला की," मी म्हणालो.

"आई असती, तर तिनेही काढूनच ठेवला असता," ती म्हणाली. "तिची पाठ दळण-कांडणानेच गेली होती."

विमान रात्रीचे होते. सुटण्याच्या आधी तिचा फोन आला. तिला खिडकी मिळाली होती. भाच्याने तिला आधीच सांगून ठेवले होते, की विमान मागे ढकलून झाले, ट्रॅक्टर सुटला, म्हणजे एक माणूस बाजूला लांब जाऊन उभा राहतो. त्याच्या हातात लाल फीत लावलेली एक खीळ असते. ढकलताना पुढच्या चाकात घातलेली ती खीळ काढली, मी सुखरूप बाजूला आलो, हे वैमानिकाला दिसावे म्हणून तो ती उंच धरून दाखवतो. मग हात हलवतो आणि विमान निघते. २०१५ च्या त्या रात्री चूक झाली होती ती ट्रॅक्टर सुटल्यानंतर आणि ही खूण होण्याच्या मधल्या थोड्या क्षणांतच.

"दिसला का गं?" मी विचारले.

"दिसला. दिव्याखाली उभा आहे. पोरगाच आहे हो, आपल्या भाच्याएवढा. थांबा... हं, दाखवली त्याने फीत." ती क्षणभर गप्प झाली. "मी हात केला. त्याला कुठून दिसणार म्हणा, पण केला. ठेवते आता, फोन बंद करायला सांगताहेत."

या दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळ जण कुठे ना कुठे निघतील. बॅग भरताना तेवीसच्या आत ठेवा. खिळखिळे झालेले चाक निघण्याआधी बसवून घ्या. विमान थांबले, तर पाच मिनिटे तोंड मिटून खिडकीतून बाहेर पाहा. कोणीतरी 'थांबा' म्हणाले असेल आणि ते म्हणायला त्याला धीर लागला असेल. मी माझी जुनी तक्रार शोधून काढून कंपनीला दुसरे पत्र लिहिले आहे. पहिल्याइतके ते खरमरीत झाले नाही. विजा चमकत असताना माणसे आत बोलावली, हे योग्य केले, एवढेच त्यात आहे. उत्तर अजून आलेले नाही.

भाच्याला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाळी आहे. त्याच्या वाटणीची चकली मी डब्यात काढून ठेवली आहे. आपणां सर्वांना दिवाळी सुखाची जावो. आणि ज्यांची पाळी आहे, ते पाळी संपवून धडधाकट घरी येवोत.